दुसरा चमचा

"ठेव ती वाटी खाली! ठेव म्हणते ना आधी!"

मी वॉर्डाच्या त्या टोकाला इंजेक्शन भरत होते, तिथूनच ओरडले. अकरा नंबरच्या खाटेशी बसलेली चंद्रकला एवढी दचकली की वाटीतलं अर्धं पाणी तिच्याच पदरावर सांडलं. खाटेवर तिची आई होती, ठकूबाई दहातोंडे. पासष्टीची हडकुळी बाई, नाकात नळी, हाताला सलाईन. पाण्याचा आवाज आला तशी तिनं मान वळवली होती आणि वाटी कुठं गेली ते डोळ्यांनी शोधत होती.

मी तरातरा गेले आणि वाटी उचलून खिडकीत ठेवली.

"कालपासून किती वेळा सांगितलं तुला? ही पाटी दिसत नाही का?"

खाटेच्या डोक्याशी पुठ्ठ्याची पाटी टांगलेली होती. लाल शाईनं ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'तोंडाने काहीही देऊ नये.' अक्षर माझंच.

"मला वाचता कुठं येतंय, सिस्टरबाई?"

"कानांनी ऐकू येतंय ना? तुझ्या आईच्या आतड्याला पीळ पडलाय. आज ऑपरेशन आहे. पोटात पाणी गेलं आणि वरनं भूल दिली, तर ते उलटून फुप्फुसात जातं आणि माणूस टेबलावरच जातो. मारायचंय का आईला?"

पस्तिशीची असेल चंद्रकला, उन्हानं रापलेली, बोलायची कमी. बोलली ती तिची आई.

"ए बाय," ठकूबाई मला म्हणाली. जीभ सुकून टाळ्याला चिकटत होती, त्यामुळे शब्द तुटत होते. "घोटभर दे गं. तुझं भलं व्हईल."

"देते हं मावशी. ऑपरेशन होऊ दे, मग हंडाभर देते."

मी कापसाचा बोळा ओला करून पिळला, तिच्या ओठांवरून फिरवला. तिनं तो बोळा दातात धरला आणि सोडेना. मला जोर लावून काढून घ्यावा लागला.

"एवढंच करायचं," मी चंद्रकलाला म्हटलं. "ओठ ओले. त्याच्या पुढं नाही."

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा एप्रिल होता तो. आमचा जिल्ह्याचा सरकारी दवाखाना, बायकांचा सर्जिकल वॉर्ड, तीस खाटा आणि खाली जमिनीवर आणखी आठ-दहा. दुपारी दोन ते रात्री आठ माझी ड्यूटी. पंखे तीन, त्यातला एक चालू. मी तेव्हा चाळीस वर्षांची होते आणि भिंगारदिवे सिस्टर म्हटलं की डॉक्टरसुद्धा आवाज खाली आणत. तोंडाची फटकळ म्हणून माझी ख्याती होती, आणि ती खोटी नव्हती.

पण दुसरीही एक ख्याती होती, ती सांगितली पाहिजे. माणूस जायला लागलं की मला बोलवायचे. दुसऱ्या वॉर्डातूनही बोलवायचे. आमची सगुणामावशी, वॉर्डाची आया, म्हणायची, "बाईच्या हाताखाली माणूस सुखानं जातं." मला ते कळायचं, कुणाचे तास उरलेत ते. श्वास बदलतो, नाक टोकदार होतं, पायाची नखं निळी पडायला लागतात. मग मी नातेवाइकांना बाजूला घ्यायची आणि आडपडदा न ठेवता सांगायची की बाबांनो, ज्यांना ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा. पडदा लावायची. रडणाऱ्याला रडू द्यायची, भांडणाऱ्याला बाहेर काढायची. माझ्या कपाटात गंगेची एक सीलबंद लोटी होती, मक्केच्या झमझमची बाटली होती आणि माझं स्वतःचं बायबल होतं. ज्याचा जो देव असेल तो मी त्याच्या हाताशी आणून द्यायची. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. ते म्हणायचे, जन्माला येणाऱ्याला सुईण असते, जाणाऱ्यालाही कुणीतरी असावी. ते मी मनावर घेतलं होतं. त्याचा मला अभिमान होता, उगाच कशाला नाही म्हणू?

तर ती दुपार. अडीच झाले, तीन झाले. ठकूबाईचं एकच चाललेलं.

"चंद्रे, पानी."

"आता नेत्याल आई तुला आपरेशनला. मग पी."

"चंद्रे, तुझ्या पाया पडते."

आईनं लेकीला पाया पडते म्हणावं! शेजारच्या खाटांवरच्या बायका तोंड फिरवून बसल्या. दहा नंबरची बाई आपला पाण्याचा तांब्या पदराखाली झाकून प्यायली, तेवढीच तिला लाज.

चंद्रकला माझ्यामागं माझ्या टेबलापर्यंत आली. "सिस्टरबाई, कवा नेणार वो आपरेशनला?"

"थिएटर रिकामं झालं की."

"सकाळी डाक्टर आलते तवा आमाला भायेर काढलं. काय म्हनले ते?"

"काय म्हणणार? अगं, राऊंडला नातेवाईक बाहेरच काढतात. तुझ्या आईला एकटीला नाही, सगळ्यांनाच."

"लई कासावीस झालीय वो. मला बघवंना."

"बघवत नसेल तर तुझ्या भावाला बसव आणि तू जा बाहेर."

"त्यो टपरीवर बसलाय. त्याला न्हाई सहन व्हत."

"आणि तुला होतं? छान! पुरुषांचं बरं असतं बघ," मी म्हटलं, आणि ड्रेसिंगच्या ट्रॉलीकडे वळले. त्या दिवशी वॉर्डात दोन भाजलेल्या बायका होत्या, त्यातली एक सारखी किंचाळत होती. माझा पाय जमिनीला लागत नव्हता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तसे दिवस रोजच असायचे.

चार वाजता मी तापमानं घेत अकरा नंबरपाशी आले. ठकूबाईचे डोळे मिटलेले होते आणि हनुवटी ओली. हनुवटीवरून गळ्याकडे एक ओघळ गेलेला. मी चंद्रकलाकडे पाहिलं. तिनं हात पदरात घेतले. मी पदर ओढला, तर आत खिडकीतली वाटी आणि स्टीलचा चमचा.

"दिलंस ना?"

तिनं चमचा मुठीत घट्ट धरला.

"अगं विचारते मी, दिलंस ना पाणी?"

"येकच चमचा, सिस्टरबाई. येकच दिला. तिनं माझा हात धरला..."

मग माझं डोकंच फिरलं. अख्ख्या वॉर्डासमोर मी तिला फैलावर घेतलं. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, जे आठवतं ते पुरेसं आहे. "आईच्या जिवावर उठलीस तू. आता सर्जनसाहेब विचारतील तेव्हा मी काय सांगू? उद्या काही झालं तर दवाखान्याच्या नावानं बोंब मारायला येऊ नकोस. तू मारलंस असं सरळ सांगेन मी." चपराकच मारायची तेवढी बाकी ठेवली. किंचाळणारी बाईसुद्धा माझा आवाज ऐकून थांबली होती. चंद्रकला खाली मान घालून उभी, आणि डोळ्यांतून टपटप पाणी. वाटी-चमचा मी तिच्या पिशवीत कोंबला आणि निघून आले.

साधारण पाऊण तासानं मला तो आवाज ऐकू आला. ओळखीचा आवाज. श्वास घेतल्यावर मध्येच थांबायचा आणि मग एकदम ओढायचा. मी हातातलं टाकून अकरा नंबरला गेले. ठकूबाईचं नाक टोकदार झालं होतं. मी चादर वर करून पाय पाहिले. मग चंद्रकलाला म्हटलं, "जा, भावाला घेऊन ये. पळ."

ती गेली. मी सगुणामावशीला डॉक्टरांकडे पिटाळलं आणि नाडी धरून बसले. आमचे हाऊसमन डॉक्टर मुनोत होते, नवीनच पास झालेला मुलगा. तो आला, छातीला स्टेथोस्कोप लावला, डोळ्यांत बॅटरी मारली.

"डॉक्टर, थिएटरला कळवू का? एक चमचा पाणी गेलंय तिच्या पोटात, मुलीनं दिलं."

"थिएटरला?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "सिस्टर, सरांनी ऑपरेशन सकाळीच रद्द केलं. हृदय झेपणार नाही म्हणाले. लिहिलंय की."

"कुठं?"

त्यानं खाटेच्या पायाशी अडकवलेला कागद काढून माझ्या हातात दिला. मुकाट्यानं दिला, तो मुलगा वाईट नव्हता.

इंग्रजीत चार ओळी होत्या. ऑपरेशन रद्द. मागेल तेव्हा पाणी द्यावे. त्रास होऊ नये एवढेच पाहावे. नातेवाइकांना कल्पना द्यावी. खाली सही आणि वेळ, सकाळचे दहा.

दहा वाजल्यापासून! त्या बाईला मी दोनपासून पावणेपाचपर्यंत घोटभर पाण्यासाठी तडफडत ठेवली होती, आणि सकाळचे चार तास वेगळेच.

हे कसं झालं ते सांगते. आमच्या वॉर्डात नियम होता की 'तोंडाने काही देऊ नये'ची पाटी जिनं लावली तिनंच काढायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नियम माझाच. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी भलत्याच खाटेची पाटी काढली, त्या पोरीनं ऑपरेशनच्या आधी केळं खाल्लं आणि मोठा घोळ झाला. तेव्हा मी थयथयाट करून हा नियम केला होता. अकराची पाटी मी आदल्या संध्याकाळी लावलेली. सकाळच्या ड्यूटीला शेळके सिस्टर होती, माझ्यापेक्षा बरीच लहान, मला टरकणारी. तिनं ऑर्डर पाहिली, पण माझ्या पाटीला हात लावायची तिची छाती झाली नाही. दोन वाजता पर्स खांद्याला लावता लावता ती मला म्हणाली होती, "बाई, अकराचा कागद तेवढा बघून घ्या हं." मी म्हटलं, "बघते." आणि बघितली ती पाटी. जागेवर होती. माझ्या हाताची, माझ्या अक्षरातली. साहेबांच्या सहीपेक्षा माझा तिच्यावर जास्त विश्वास. शिकाऊ मुलींना मी हजारदा बजावलं होतं, आधी कागद, मग पेशंट. कागद मला वाचता येत होता. जिला येत नव्हता ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून माझ्या शिव्या खात होती.

मी कागद ठेवला आणि खिडकीतलं पाण्याचं भांडं घेतलं. ठकूबाईची मान हातावर घेतली. "मावशी, पाणी. घ्या. घ्या पाणी." चमचाभर पाणी तोंडात सोडलं. ते गालाच्या बाजूनं बाहेर आलं. पुन्हा सोडलं, पुन्हा बाहेर. गिळणं संपलं होतं. मी तरी सोडतच राहिले. डॉक्टर मुनोतनं माझ्या खांद्याला हात लावला, "सिस्टर, राहू द्या आता."

तेवढ्यात चंद्रकला आणि तिचा भाऊ पंढरीनाथ धावत आले. माझ्या हातात भांडं बघून ती जागच्या जागी थबकली. मी काय केलं? सांगायची वेळ तीच होती. पण मी कपाटाशी गेले, गंगेची लोटी काढली, सील फोडलं आणि तिच्या हातात दिली.

"शेवटचं आहे गं. घाल आईच्या तोंडात. आता चालतं."

आता चालतं! जीभ झडली नाही माझी.

पंढरीनाथनं घातलं, चंद्रकलानं घातलं. गंगाही बाहेर आली. पाच वाजून दहा मिनिटांनी ठकूबाई गेली. मी डोळे मिटले, हनुवटीला पट्टी बांधली, नळ्या काढल्या, केस सारखे केले. सगळं हातानं केलं, रोजच्यासारखं. पंढरीनाथ भिंतीला डोकं टेकून रडत होता. चंद्रकला रडत नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"सिस्टरबाई, माझ्या पान्यानं गेली का वो?"

"नाही गं बाई. तिची वेळ भरली होती."

हे वाक्य मी शेकडो लोकांना म्हटलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा ते शब्दशः खरं होतं, आणि त्या दिवशीच ते कुणाला पटलं नाही.

"तुमीच म्हनला व्हता, मारतीस म्हनून."

पंढरीनाथनं डोकं वर केलं. "काय? काय दिलंस तू? पानी पाजलं?"

"दादा, येकच..."

"आगं मग त्यानंच गेली की ती! सिस्टर नको म्हनत व्हत्या ना?" तो माझ्याकडे वळला. "तुमी नको म्हनला व्हता ना, बाई?"

सगळा वॉर्ड ऐकत होता. दहा नंबरची बाई म्हणाली, "व्हय, लई वरडल्या बाई हिला. पर ऐकलं न्हाई हिनं." मी तोंड उघडलं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "आता ते राहू द्या. आधी गाडीचं बघा."

रात्री आठला इन्चार्ज दळवी सिस्टर आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला.

"कुणाला माहीत आहे?"

"मला. मुनोतला. शेळकेला अर्धं."

"मग तिथंच राहू द्या. भिंगारदिवे, ती म्हातारी तशीही जाणारच होती. तुम्ही सांगून काय ती परत येणार आहे? चौकशी लागेल, शेळके बिचारी निलंबित होईल, तिच्या पदरात दोन पोरं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि त्या मुलीनं काय समजायचं?"

"चार दिवस रडेल. लोक विसरतात हो. तुम्हीच तर सांगता सगळ्यांना."

खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला. कुणीतरी मोठ्यानं मला गप्प बस म्हणावं याचीच मी वाट बघत होते.

पाचव्या दिवशी मी ड्यूटीवर आले, तर चंद्रकला व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली. मला बघून उठली. पाच दिवसांत तोंड ओढल्यासारखं झालं होतं. सगुणामावशी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "सकाळधरनं बसलीय. कुनाशी बोलत न्हाई, बाईलाच भेटायचं म्हनती."

"मृत्यूचा दाखला पाहिजे का?" मी विचारलं.

"दाखला दादा नेईल. मला तुमाला इचारायचं हाय."

मी तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं, जिथं धुतलेल्या चादरी वाळत घालायचे. तिथं कुणी नव्हतं.

"दादा म्हनला, दहाव्याला माझ्या दारात पाय ठिवू नको. चुलत्यांनी बी तसंच सांगितलं. माझ्या सासरी बी कळलंय. सासू म्हनली, ज्या हातानं आईला मारलं त्या हातचं खायाला भ्या वाटतं." तिनं हे सगळं तक्रार नसल्यासारखं सांगितलं. "त्यांचं काय न्हाई. ते बोलत्यात. तुमी शिकलेल्या हाय. तुमी खरं सांगा. तुमी म्हनाल ते मी मान्य करीन. मी मारलं का आईला?"

येशूची शपथ, त्या क्षणी मला दळवी सिस्टर, शेळके, नोकरी, काही आठवलं नाही. एका माणसाला मी जिवंतपणी गाडलं होतं आणि ते माणूस माझ्याकडेच विचारायला आलं होतं. मी ठरवलं, आता सांगायचं. मनात असं आलं की बस्स, एवढं सांगितलं की हिच्या छातीवरचा धोंडा उतरेल. माझं काय व्हायचं ते होवो.

"चंद्रकला, तू नाही मारलंस. तुझ्या पाण्यानं काहीच झालं नाही. ऑपरेशन होणारच नव्हतं. साहेबांनी सकाळीच रद्द करून लिहून ठेवलं होतं की पाणी द्या. मी कागद वाचला नाही. चूक माझी आहे. तुला मी उगाच बोलले. तू बरोबर होतीस."

मला वाटलं, ती रडेल. मला शिव्या देईल. अंगावर धावून येईल. मी तयार होते.

तिनं विचारलं, "म्हंजी पानी चालत व्हतं?"

"हो."

"कवापासनं?"

"सकाळी दहापासनं."

"किती?"

"किती म्हणजे?"

"किती पाजलं तर चाललं आसतं?"

"मागेल तेवढं," मी म्हटलं.

ती हळूच खाली बसली. चादरींच्या पाण्यानं फरशी ओली होती, तिथंच बसली. मी तिच्या शेजारी टेकले आणि पाठीवर हात ठेवला. हजारो बायकांच्या पाठीवर ठेवला होता तसा. तिनं झटकला नाही, आणि तिला तो जाणवलाही नाही.

"सिस्टरबाई, पयला चमचा दिला तवा आईनं डोळे उघडले," ती म्हणाली. "हासली माझ्याकडं बघून. लई दिसांनी हासली. म्हनली, आनि दे. तेवढ्यात तुमी आल्या."

"हो."

"तुमी गेल्यावर तिनं पुन्यांदा मागितलं. मी पिशवीतनं वाटी काढली. चमचा भरला. तिच्या तोंडापाशी नेला. तिनं तोंड उघडलं व्हतं. आन मला तुमचं आठवलं, मारायचंय का आईला. मी चमचा परत वाटीत वतला."

मला वाटलं, आता हिनं थांबावं.

"ती बघत व्हती. चमचा माघारी गेला त्यो तिनं बघितला. मग ती मोठ्यानं मागाया लागली. तुमी परत याल म्हनून मी तिच्या तोंडावर हात ठिवला. दाबून न्हाई, पर ठिवला. मग ती गप झाली. पुन्हा मागितलंच न्हाई तिनं."

"चंद्रकला, तुला माहीत नव्हतं. सांगणारी मी होते. पाप असेल तर ते माझं आहे."

"पाच दिस मी त्या चमच्यासाठी रडले, दिला त्यासाठी," ती म्हणाली. "रातच्याला वाटायचं, बरं झालं दुसरा दिला न्हाई. तेवढं तरी माझ्या हातनं चांगलं झालं. त्याच्यावर मी झोपत व्हते."

मरणाच्या दारात काय बोलायचं ते माझ्याइतकं कुणाला येत नव्हतं, आणि मी तिथं बावळटासारखी बसले होते. शेवटी मी उठले. निदान एक गोष्ट तर करता येईल, असं वाटलं मला.

"चल, ऊठ. मी येते तुझ्या गावाला. आज रजा टाकते. तुझ्या भावासमोर, चुलत्यांसमोर सांगते सगळं. सहीनिशी लिहून देते. तुला दहाव्याला बसू न देणारे कोण ते बघतेच मी."

तिनं माझा हात धरला. आता तिच्या डोळ्यांत भीती होती.

"नका सांगू. तुमच्या पाया पडते, कुनाला सांगू नका."

"अगं पण ते तुला आईला मारणारी म्हणतायत."

"म्हनू द्या. पानी पाजून मारली म्हनत्यात, म्हनू द्या. पान्यावाचून मारली आसं कुनी म्हनाया नको." तिनं डोळे पुसले आणि उठली. "दादानं इचारलं तर तुमी तसंच सांगा, पान्यानंच गेली."

तिनं ओला पदर पिळला, डोक्यावरून घेतला, आणि मला वाकून नमस्कार केला. मला, हो. मग बाहेर पडून एसटी स्टँडकडे गेली.

मी अठरा वर्षं आणखी नोकरी केली आणि दळवी बाईंच्या जागेवरून निवृत्त झाले. पंढरीनाथ दुसऱ्याच आठवड्यात दाखल्यासाठी आला होता. त्यानं मला व्हरांड्यात गाठून विचारलं, "बाई, एकदा सांगा, पान्यानंच गेली ना आमची आई?" मी होकारार्थी मान हलवली. चंद्रकलानं सांगू नका म्हटलं होतं, आणि मला तेवढं निमित्त पुरलं.